बारावीनंतर काय? पदवी घेताना आपल्या पोरांनी काय बघायचं

(बारावीच्या निकालानंतर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर संघटनेची बैठक झाली, तिथलं हे भाषण. भट्टीवरून न परतलेली माणसं त्या दिवशी नव्हती, आणि पाठीमागे बसलेल्यांना पावसाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, म्हणून इथे छापत आहोत.)



आज दाव्यांचा विषय नाही. मोजणी कधी, प्रांताकडची सुनावणी कधी, ते शेवटी सांगू. आज कॉलेजचं बोलायचं आहे. काही जण म्हणतील, जमिनीची संघटना कॉलेजचं काय सांगणार? पण गेल्या महिन्याभरात आमच्याकडे सातबाऱ्यासाठी जेवढी माणसं आली, जवळजवळ तेवढीच पोराचा निकाल हातात घेऊन आली. "पास झाला, आता कुठं घालू?" हा एकच सवाल. पूर्वी वाडीवर दहावी झालेलं पोरगं शोधावं लागायचं. आता दर वाडीत एक-दोन जण बारावी झालेले आहेत. त्यांना पुढचं कोण सांगणार? आईबाप भट्टीवर, मास्तर बदलून गेलेले. मग फॉर्म भरणारा झेरॉक्सवाला सांगतो, "बीए टाकतो, सोपं असतं." आणि विषयही तोच भरतो. तीन वर्षांचं आयुष्य पाच मिनिटांत ठरतं.

आपण मुकादमाकडून उचल घेतो तेव्हा काय काय विचारतो? हजार विटांचा भाव काय, पाणी किती लांब, खर्ची दर आठवड्याला किती, हिशेब कधी. न विचारता गेलो तर काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. पदवी हीसुद्धा एक उचलच आहे. घरातला एक कमावता हात तीन-चार वर्षं बाजूला काढायचा, म्हणजे घराने दिलेली उचल. मग तिथं आपण काहीच का विचारत नाही? पदवीने पुढे कुठलं दार उघडतं, ते दार खरंच उघडं आहे का, आणि नाही उघडलं तर दुसरं कुठलं आहे, एवढं तरी फॉर्म भरण्याआधी विचारायला हवं.

डीएडचं उदाहरण घ्या. एकेकाळी बारावी झाली की डीएड, डीएड झालं की मास्तर, असं सरळ गणित होतं. गावोगाव डीएडची कॉलेजं निघाली. लोकांनी शेळ्या विकून, दागिने मोडून मुलींना घातलं. मग २०१२ पासून सरकारने शिक्षकभरती रोखली. २०१३ पासून टीईटी परीक्षा आली. कॉलेजं ओस पडली आणि हातात पदविका घेतलेली पोरं शेतावर, दुकानात, कारखान्याच्या गेटवर गेली. डीएड वाईट होतं असं नाही. पण सगळे एकाच दारात उभे राहिले, आणि ते दार आतून बंद झाल्याचं बाहेर कुणी सांगितलं नाही. आजही कुणाला शिक्षक व्हायचं असेल तर जरूर व्हा. मात्र टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, ही सगळी वाट आधी समजून घ्या.

आता बीए. बीएला नावं ठेवण्याची एक फॅशन निघाली आहे, त्यात आम्ही नाही. तलाठी, ज्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. राज्यसेवेच्या परीक्षेलाही बीए चालतं. पण "बीए" हा शब्द अर्धाच आहे. बीए कशात? नव्या शैक्षणिक धोरणात आता मेजर आणि मायनर असे शब्द आले आहेत. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. हे खूप लवकर निवडावं लागतं. लहान कॉलेजात सगळेच विषय शेवटपर्यंत शिकवत नाहीत. म्हणून महाडला किंवा पोलादपूरला प्रवेश घेताना खिडकीवर विचारा, भूगोल शेवटच्या वर्षापर्यंत आहे का? अर्थशास्त्र आहे का? विचारायला लाजू नका. फी भरणारा माणूस विचारू शकतो, आणि ज्याची फी सरकार भरतं तोही विचारू शकतो.

भूगोल आणि अर्थशास्त्र ही दोन नावं आम्ही उगाच घेतली नाहीत. वनरक्षकाच्या भरतीला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय लागतो. आदिवासी उमेदवाराला दहावीवर सूट आहे हे खरं. पण वरच्या जागेसाठी, उद्याच्या बढतीसाठी अभ्यास हातात असलेला बरा. म्हणून जी मुलं आज दहावीत आहेत आणि अकरावीला कला शाखेत जाणार आहेत, त्यांनी ऐका. अकरावीत भूगोल सोडून दुसरा विषय घेतला की एक दार कळायच्या आत बंद होतं. ते पुन्हा उघडायला वर्षं जातात.

कुणीतरी मागून म्हणालं, "आपल्याच पोरांना फॉरेस्टवाले करायचे का? ज्यांनी आपल्या कोयत्या नेल्या?" सवाल रास्त आहे. आमचं म्हणणं असं, की गार्ड कुठल्याही घरातला आला तरी कायदा तोच राहतो. २००६ चा वनहक्क कायदा त्यालाही लागू आहे. तो कायदा समजलेला आणि वरी-नाचणीचं शेत ओळखणारा गार्ड आपल्या रानात असलेला केव्हाही बरा. ज्याला जायचं आहे त्याला संघटना अडवणार नाही. धावायची सवय मात्र आतापासून लावा, त्या भरतीत पळावं लागतं.

आता ज्या गोष्टीवर आम्हाला जास्त बोलायचं आहे ती. मोजणी.

तुम्ही सगळ्यांनी मोजणी पाहिली आहे. दावा दाखल होतो, वनहक्क समिती पंचनामा करते, मग जागा मोजायला माणसं येतात. एकाच्या हातात जीपीएसचं यंत्र असतं. आपला म्हातारा पुढे चालतो, बांध दाखवतो, दगड दाखवतो, आजाने लावलेलं आंब्याचं झाड दाखवतो. यंत्रवाला मागून चालतो. शेवटी कागदावर आकडा येतो, अमुक गुंठे. म्हातारा म्हणतो, माझी जागा याच्या दुप्पट आहे. पण यंत्राने काय मोजलं, कुठला कोपरा सुटला, चढ-उताराचं काय केलं, हे आपल्यापैकी कुणाला विचारता येत नाही. कायदा चार हेक्टरपर्यंत ताबा मान्य करतो, आणि आपल्या हातात येतात गुंठे. यातले किती गुंठे कायद्याने गेले आणि किती मोजणीत गेले, हे ओळखणारं माणूस वाडीत नाही.

हे शिकता येतं. आयटीआयमध्ये सर्व्हेअर नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर होतो. भूमिअभिलेख खात्यात भूकरमापकाची जागा निघते तेव्हा सर्व्हेअरचा ट्रेड किंवा सिव्हिलचा डिप्लोमा मागतात. म्हणजे या शिक्षणाला नोकरीचं दार आहे. नोकरी नाही लागली तरी रस्त्याच्या कामावर, धरणाच्या कामावर, खाजगी मोजणीवाल्याकडे काम असतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावर आपण पाटी उचलायला गेलो, तिथेच तिपाईवर दुर्बीण लावून उभी असलेली पोरं पाहिली असतील. ती बरीचशी याच शिक्षणातली. ज्याला पदवीच हवी त्याने भूगोल घ्यावा आणि पुढे जीआयएस शिकावं. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे तयार करणं, उपग्रहाच्या फोटोवर शेत, ओढा, रान ओळखणं. कुठल्या वर्षी कुठे शेत होतं हे जुन्या फोटोवर दिसतं, आणि दाव्यात ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवावा लागतो. हे आमच्या कामाचं आहे, हे उघड आहे. पण बाजारातही याला किंमत आहे, म्हणून सांगतो.

भूगोलाचं आणखी एक. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या. २०२१ च्या जुलैत तळिये गेलं. आपल्या बऱ्याच वाड्या अशाच उतारावर आहेत. कुठला डोंगर हलतोय, वाडी कुठे हलवायची, यावर बाहेरून माणसं येऊन अहवाल लिहितात. अहवाल आला की आपण एकमेकांना विचारतो, काय लिहिलंय? भूगर्भशास्त्र आणि भूगोल शिकलेलं एक जरी पोरगं सह्याद्रीच्या या कुशीत असतं, तर हे विचारायची पाळी आली नसती.

वकिलीबद्दल बोलायचं तर महाडमध्ये उभं राहून बाबासाहेबांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांना जयंतीपुरतं आठवून भागणार नाही. त्यांनी विषय कसे निवडले ते बघा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय घेतला अर्थशास्त्र. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची असा करार होता. १९१७ ला बडोद्यात मोठी जागा मिळाली, पण शहरात राहायला कुणी घर देईना. नोकरी सोडावी लागली. केवढी ती विद्या, आणि नोकरी टिकवणं दुसऱ्यांच्या हातात! मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, पुन्हा लंडनला गेले, अर्थशास्त्राची पदवी पुरी केली आणि जोडीला बॅरिस्टर झाले. वकिली हा धंदा असा की कुणी साहेब तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. पक्षकार गरीब असला तरी तो आपला असतो.

१९२७ च्या २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं, हे पोराटोरांना माहीत आहे. पुढचं कमी लोकांना माहीत आहे. त्याच वर्षाच्या शेवटी तळं आमचं खाजगी आहे म्हणून काही लोक कोर्टात गेले आणि मनाई हुकूम आणला. तो खटला मुंबई हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये संपला. दहा वर्षं! त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते आणि स्वतः बॅरिस्टरही होते. म्हणजे पोटासाठी घेतलेली पदवी तळ्यासाठी कामाला आली. आणि अर्थशास्त्र वाया गेलं का? १९१८ सालीच त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. १९३७ ला कोकणातली खोती रद्द करण्याचं बिल त्यांनी विधिमंडळात मांडलं. खोतीचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आपल्या कुळांची जमीन ज्या वाटेने आली, त्या वाटेवर एका अर्थशास्त्र शिकलेल्या वकिलाचे कागद आहेत.

तर वकिली. आपले खटले कुठले आहेत? दळीच्या जमिनी, कुळाच्या जमिनी, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने घेतल्याच्या केसेस. १९७४ चा जमीन परत देण्याचा कायदा आहे, महसूल कायद्याची ३६ आणि ३६ अ ही कलमं आहेत. हे वाचून सांगायला आपण तालुक्याच्या गावी पैसे मोजतो. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी करता येते, दोन्हीला राज्याची सीईटी द्यावी लागते. पण खरं सांगायचं तर पहिली चार-पाच वर्षं सिनिअरच्या हाताखाली जातात आणि त्यात पोट भरत नाही. ज्या घरात दुसरा कमावता कुणीच नाही, त्या पोराला आम्ही थेट वकिलीत जा म्हणणार नाही. आधी नोकरी धरावी, मग कायदा करावा. तीही वाट आहे.

बाकीचं थोडक्यात. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे बीएस्सी केमिस्ट्रीवाल्याला प्रयोगशाळेत आणि आयटीआयच्या एओसीपी ट्रेडवाल्याला प्लँटवर घेतात. फक्त विचारून घ्या, कंपनीच्या खात्यावर घेणार की ठेकेदाराच्या, कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि सावित्रीच्या पाण्याबद्दल आपण एवढ्या तक्रारी करतो, तर पाण्याचा तपासणी अहवाल वाचता येणारं पोरगंही आपल्याला हवंच. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आपल्याला खेडवरून जवळ. तिथे शेतीची आणि वनशास्त्राचीही पदवी आहे, आणि ती वनक्षेत्रपालाच्या भरतीत चालते. त्यासाठी बारावी विज्ञान आणि सीईटी लागते. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, माणगाव तालुक्यात, एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ. विज्ञान घेतलेल्या मुलांनी एकदा जाऊन बघून या. नर्सिंगचं एएनएम कला शाखेवरही होतं, बीएस्सी नर्सिंगला मात्र विज्ञान हवं. मुलींच्या आईबापांना आमचं एकच सांगणं आहे. पोरगी वसतिगृहात राहिली म्हणून बिघडत नाही. भट्टीवर सहा महिने झोपडीत राहते तेव्हा तुम्हाला काळजी वाटत नाही का?

ज्यांना घरासाठी दिवाळीनंतर भट्टीवर जावंच लागतं त्यांनी साध्या कॉलेजात नाव घालून हजेरीत अडकू नये. मुंबई विद्यापीठात पंच्याहत्तर टक्के हजेरी मागतात. अशांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्याची पदवी नोकरीला चालते. तिला कमी समजू नका. अभ्यास मात्र स्वतः करावा लागतो, तिथं मागे लागणारं कुणी नाही.

आणखी एक गैरसमज काढायचा आहे. बाहेरच्या जिल्ह्यातली पोरं सांगतात, अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासींना तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक या जागा राखीव आहेत. ते पालघर, नंदुरबार, गडचिरोलीचं झालं. आपला रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. आपल्या पोरांना जिल्ह्याच्या साध्या राखीव जागांवरच लढायचं आहे, आणि त्या थोड्या असतात. म्हणून एकाच भरतीची वाट बघत पाच वर्षं गावात बसू नका.

काही कार्यकर्ते म्हणतात, संघटनेच्या पोरांनी संघटनेला उपयोगी पडेल तेच शिकावं. आमचं मत तसं नाही. ज्या पोराच्या आईने डोक्यावर विटा वाहिल्या त्याला आधी आईला भट्टीवरून उतरवायचा हक्क आहे. तो बँकेत लागला, कंपनीत लागला, तर आम्हाला आनंदच आहे. आपली जमीन आपण सगळ्यांनी लढून घ्यायची आहे, ती एका पोराच्या खांद्यावर टाकू नका. त्याने विषय मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा, एवढीच मागणी.

आता कागद. इथे जास्त लक्ष द्या, कारण विषय चांगला निवडूनही पोरं इथे अडकतात.

जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी वेगळी. दाखला प्रांताकडून मिळतो. पडताळणी ठाण्याच्या समितीकडे होते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, शेती, कायदा, यांच्या राखीव जागेला पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. बीएला प्रवेशाच्या वेळी कुणी मागत नाही, म्हणून बीएवाले विसरतात आणि नोकरीची यादी लागली की धावाधाव होते. अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करा. त्यात ६ सप्टेंबर १९५० च्या आधी आपलं कुटुंब इथे होतं हे दाखवायचं असतं. आज्याची शाळेतली नोंद, जन्ममृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जुना फेरफार, असं काहीही शोधा. आजा शाळेतच गेला नाही, अशी बहुतेक घरं. कुठे "काथोडी" लिहिलं असेल, कुठे "कातकरी". घाबरू नका, अनुसूचित जमातींच्या यादीत दोन्ही नावं एकाच ओळीत आहेत.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने भरायचा असतो. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर पैसे मंजूर होऊनही पोचत नाहीत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वयं योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. त्याचीही चौकशी पेणच्या प्रकल्प कार्यालयात करा. एकटे जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा. दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

२०२१ च्या पुरात महाडला घरातलं सगळं भिजलं, त्यात कागदही गेले. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा. आणि ज्यांचे आजे-पणजे दळी कसत होते, त्यांनी दळीच्या जुन्या कागदाच्या दोन नकला काढा. एक जमिनीच्या दाव्याला लावा, दुसरी पोराच्या पडताळणीच्या फायलीला. पुढच्या बैठकीला दोन्ही बरोबर आणा, फॉर्म तिथेच बसून भरू.